मेजर काकांना विचारा : एकसष्टीचं स्पिटफायर

मागच्या अंकात डकोटा या जुन्या मालवाहू विमानावर चार ओळी लिहिल्या. त्या लोकांनी एवढ्या मनावर घेतल्या की या वेळचं सदर त्यातच संपतंय. फवारणीच्या ड्रोनबद्दल विचारणाऱ्या शेतकरी मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो : मी वायुसेनेत इंजिन फिटर होतो, आसामात जोरहाटला डकोटावर हात काळे केले, आता लातूरला असतो. पायलट नाही. विमान कसं उडवायचं ते मला विचारू नका. ते आज उडायला द्यायचं की नाही, हे विचारा. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

*मेजर काका, सा. न. येत्या मे महिन्यात माझी एकसष्टी आहे. लेक-जावई इंग्लंडला असतात. शाल, श्रीफळ, पेढेतुला असलं काही नको, बाबांना स्पिटफायरमधून फिरवून आणायचं, असं लेकीने ठरवलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. बीपीची गोळी चालू आहे. खर्च तीन लाखांच्या आसपास जाईल म्हणते. एवढ्यात घरावर सोलर बसतं. जावं का?*
– निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, पैसे लेकीचे आहेत. सोलरचा विषय काढलात तर ती दोन्ही करील आणि वरून रुसेल. तेव्हा पैशाचं राहू द्या.

स्पिटफायर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं, एकट्या पायलटचं ब्रिटिश लढाऊ विमान. युद्ध संपल्यावर मार्क ९ जातीच्या काही विमानांत मागे दुसरी सीट बसवून ती शिकवणीसाठी केली. तशी १० विमानं आपल्या वायुसेनेनेही घेतली होती. आज इंग्लंडमध्ये प्रवासी नेतात ती याच घडणीची, दोन सीटची. तुम्ही मागे, पायलट पुढे. अडीच-तीन हजार पौंडांत प्रत्यक्ष हवेत वीस मिनिटं ते अर्धा तास मिळतो, पण अर्धा दिवस त्यात जातो. आधी वजन बघतात, उंची बघतात. मग अंगभर डगला घालायला देतात, पाठीला पॅराशूट बांधतात आणि डोक्यावरचं काचेचं झाकण कसं उडवायचं, पट्टे कसे सोडायचे, बाहेर कसं पडायचं ते दाखवतात. हा भाग लक्ष देऊन ऐका. वर्गात मागच्या बाकावरची पोरं ऐकायची तसं नको.

त्याच वेळी एका कागदावर सही घेतात. हे विमान प्रवासी कंपन्यांच्या विमानांना लागू असलेल्या सुरक्षेच्या निकषांत बसत नाही, हे मला समजलं आणि मान्य आहे, असा त्याचा मतलब. ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणाचा तो नियमच आहे. सही करायची म्हणून करू नका, वाचून करा. आणि प्रवास विमा काढताना असलं उड्डाण त्यात धरलंय का, ते लेखी विचारून घ्या. बहुतेक पॉलिसींमध्ये फक्त नेहमीच्या प्रवासी विमानातला प्रवास धरलेला असतो.

आता बीपी. डॉक्टरांना ‘विमानात बसू का?’ असं विचारू नका. ते एअरबस समजतील आणि हो म्हणतील. असं विचारा : लहान लढाऊ विमान आहे, तिरकं होऊन वळतं, त्या वळणात शरीराचं वजन दुप्पट होतं, चालेल का? तुम्ही गणिताचे म्हणून सांगतो. विमान ६० अंश कलतं करून, उंची न सोडता वळवलं की अंगावर येणारा भार म्हणजे एक भागिले कोसाइन ६०. म्हणजे बरोब्बर दोन. तुमचं वजन ७५ किलो असेल तर त्या वळणात सीट १५० किलोचा माणूस तोलते आणि तुमचं हृदयही तेवढ्याच जड झालेल्या रक्ताला डोक्यापर्यंत चढवत असतं. कोलांटी मारली तर आकडा तीन-चारवर जातो. डॉक्टर हो म्हणाले, तरी पायलटला खाली असतानाच सांगून ठेवा की मला कोलांट्या नकोत, सरळ फिरवा. तो ऐकतो. पैसे तेवढेच घेईल, ती गोष्ट वेगळी. आणि फॉर्मवर बीपी लपवू नका, त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

विमान जमिनीवरून चालायला लागलं की एक गंमत दिसेल. स्पिटफायर शेपटीवर बसलेलं असतं, नाक आभाळाकडे. पुढे पायलटला सरळ काहीच दिसत नाही, म्हणून तो डावीकडे-उजवीकडे वळवत नागमोडी नेतो. घाबरू नका, गडी पिलेला नाही. मर्लिन इंजिन, १२ सिलिंडर, २७ लिटर. जमिनीवर उभं राहिलं की लवकर तापतं, म्हणून उडायची जरा घाईही वाटेल.

तारीख मात्र नीट घ्या. आपली माणसं परतीच्या आदल्या दिवशी असलं काही ठेवतात, आणि इंग्लंडमध्ये मे महिन्यातसुद्धा ढग उतरतात, वारा सुटतो. उतरल्या-उतरल्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्या, म्हणजे रद्द झालं तरी पुढे सरकवता येईल. रद्द केलं म्हणून त्या लोकांवर चिडू नका. उलट त्या दिवशी त्यांना चहा पाजा.

जावं का म्हणता? डॉक्टर हो म्हणाले तर जा.

*मेजर भाऊजी, ह्यांचं पत्र तुम्हाला आलं असेलच, पोस्टात टाकायच्या आधी मी वाचलं. ऐंशी वर्षांचं विमान. आमची स्कूटर पंधरा वर्षांत भंगारात गेली. हे आणि जावई दोघं मिळून मला सांगतात की काही होत नाही. तुम्ही खरं सांगा. ह्यांना मी लिहिल्याचं कळू देऊ नका.*
– एक वाचक, अंबाजोगाई

वहिनी, छापल्यावर कळणारच, पण तोवर तिकीट निघालेलं असेल.

‘काही होत नाही’ हे खोटं आहे. दोन घटना सांगतो, दोन्ही पैसे देऊन बसलेल्या लोकांच्या.

२ ऑक्टोबर २०१९. अमेरिकेत कनेटिकट राज्यात ब्रॅडली विमानतळावरून बी-१७ हे चार इंजिनांचं जुनं बॉम्बर विमान प्रवाशांना घेऊन उडालं. लगेच इंजिनाने दगा दिला, परत उतरताना विमान आपटलं आणि पेटलं. आत १३ माणसं होती, ७ गेली. चौकशीत निघालं ते असं की मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची देखभालच धड झालेली नव्हती. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा भाग. माझ्या आयुष्यातला निम्मा वेळ त्यातच गेला, म्हणून तो अहवाल वाचून मला झोप लागली नाही. विमान जुनं होतं म्हणून पडलं असं नाही. प्लग खोलून, त्याची फट मोजून, साफ करून परत बसवायचं काम कुणीतरी नीट केलं नाही म्हणून इंजिनांनी दगा दिला, आणि त्यानंतर पायलटने वेग नीट राखला नाही म्हणून पडलं. प्लग नवीन विमानालाही असतात.

दुसरी घटना ४ ऑगस्ट २०१८ची, स्वित्झर्लंडची. युंकर्स-५२, तीन इंजिनांचं, नालीदार पत्र्याचं विमान. आल्प्सच्या डोंगरात पडलं, आतले २० जण गेले. तिथे दोष वैमानिकांच्या उडवण्यात निघाला. डोंगरांच्या खोऱ्यात इतक्या कमी उंचीवर नेलं की वळून निघायला जागाच उरली नाही. दोघंही स्विस वायुसेनेत मुरलेले होते. तेव्हा ‘पायलट लष्करातला आहे’ एवढ्यावर जावईबापूंनी समाधान मानू नये.

आता तुमच्या हातात काय आहे? लेकीला फोन करायला सांगा आणि तीन गोष्टी विचारायला लावा. या विमानाची देखभाल कोण करतं, आणि ती माणसं तिथेच कामाला आहेत की बाहेरून येतात? इंजिन शेवटचं पूर्ण खोलून कधी बांधलं? आणि गेल्या हंगामात किती उड्डाणं तुम्ही स्वतःहून रद्द केली? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘आम्ही सहसा रद्द करत नाही’ असं अभिमानाने सांगितलं, तर पैसे भरू नका. चांगल्या ठिकाणी फिटर ‘आज नाही’ म्हणाला की पायलट गप्प बसतो, मालकही गप्प बसतो आणि गिऱ्हाईकाला दुसरी तारीख देतात. जोरहाटला आमच्याकडे फॉर्म ७०० असायचा, विमानाची वही. त्यात सगळी कामं लिहून खाली सह्या झाल्याशिवाय विंग कमांडरसुद्धा त्या विमानात चढत नसे. माझी सही एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा त्या वहीत पडली, तेव्हा रात्री उठून परत हँगरमध्ये जाऊन मी नट बघून आलो होतो. तुम्हाला असला माणूस शोधायचाय. तो स्पिटफायरच्या हँगरमध्ये असेल तर ह्यांना पाठवा.

आणि तुम्ही खाली उभ्या राहून देव पाण्यात ठेवण्यापेक्षा शेजारून उडा. काही ठिकाणी घरच्या माणसांना दुसऱ्या विमानात बसवून स्पिटफायरच्या बाजूने नेतात. फोटो तरी चांगले येतील.

*सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या वायुसेनेकडेही उडणारं डकोटा आहे असं वाचलं. त्यात सामान्य माणसाला बसता येईल का? आणि व्हिडिओत ही इंजिनं सुरू होताना एवढा धूर काढतात, तेल गळतं, तरी लोक कसे बसतात?*
– विद्यार्थी, नांदेड

पहिल्याचं उत्तर नाही. ते विमान व्हीपी ९०५, नाव ‘परशुराम’. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भंगारातून मिळवून ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि वायुसेनेला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे पायलट होते. २०१८मध्ये ते उडत भारतात आलं. नंबर मुद्दाम दिलेला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो नंबर. वायुसेनेच्या या जुन्या विमानांच्या तुकडीत टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही शिकवणीची विमानंही आहेत. वायुसेना दिनाला ती आकाशात दिसतात, तिकीट लावून माणसं नेत नाहीत. आणि माझ्या मते नेऊही नयेत. एकच डकोटा आहे. त्याचे उडायचे तास हौशी लोकांवर खर्च करण्यापेक्षा पोरांना खालून बघू द्यावं.

जवळ जाऊन बघायचं असेल तर दिल्लीला पालमचं संग्रहालय आहे, गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं आहे, आणि विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर तुपोलेव्ह-१४२ हे नौदलाचं गस्ती विमान ठेवलंय, त्याच्या तर पोटातून चालत जाता येतं. मेकॅनिकलचा आहेस तर बेंगळुरूला हॅलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, संग्रहालय बघ. विष्णू माधव घाटगे या आपल्या मराठी माणसाने आखलेलं एचटी-२ हे विमान १९५१ला उडालं, त्याची गोष्ट तिथे जाऊन वाच.

आता धुराचं. हा माझा विषय आहे, जरा सावकाश सांगतो.

डकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकी १,२०० अश्वशक्ती, प्रत्येकाला १४ सिलिंडर. सिलिंडर एका ओळीत नसतात, गोलाकार मांडलेले असतात, दोन फेरांत सात-सात. म्हणजे काही सिलिंडर वर तोंड करून, काही आडवे आणि काही उलटे, डोकं खाली. विमान रात्रभर उभं राहिलं की इंजिनातलं तेल पाझरत पाझरत या खालच्या सिलिंडरांत उतरतं, पिस्टनच्या कड्यांमधून थेट ज्वलनकक्षात. तेल दाबलं जात नाही हे तुला शिकवलंय. तेल भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला तर पिस्टन वर यायला बघतो, तेल जागा देत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या क्षणी कळतही नाही. इंजिन सुरू होतं, चालतं, आणि तो वाकलेला रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो.

म्हणून जोरहाटला पहाटे धुक्यात आमचं पहिलं काम असायचं ते हाताने पंखा फिरवायचं. स्विच बंद आहेत हे दोघांनी ओरडून सांगायचं, मग एकेक पातं धरून खाली ओढायचं, एकाने सोडलं की दुसऱ्याने पकडायचं, डझनभर पाती तरी काढायची. हाताला कळतं. प्रत्येक सिलिंडरचा दाब येतो आणि सुटतो, येतो आणि सुटतो. मध्येच पातं अडलं की थांबायचं. तिथे जोर लावणारा नवा पोरगा सार्जंटच्या शिव्या खायचा, आणि त्या खायलाच पाहिजेत. खालचे प्लग काढायचे, तेल बादलीत निथळू द्यायचं, प्लग पुसून परत बसवायचे, लॉकिंग वायर ओढायची. तेवढ्यात पायलट घड्याळ बघत असतो. बघू द्यावं.

एवढं करूनही थोडं तेल आत राहतंच, ते पहिल्या फटक्यात जळतं. तोच तुझ्या व्हिडिओतला धूर. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारल्यावर कसं आधी एक ठोका, मग दम खाऊन दुसरा, मग खोकत खोकत सुरात येतं, तसंच हे. फक्त इथे १४ जणांना सुरात यायचं असतं. निळसर पांढरा ढग उठतो, मागच्या दारातून आत शिरतो, आणि अर्ध्या मिनिटात सगळं स्वच्छ. धूर पांढरा-निळा आणि लगेच थांबणारा असेल तर काळजी नाही. सुरू होऊन दोन-चार मिनिटं झाल्यावरही निघत असेल, किंवा काळा असेल, तर खाली उतर.

गळण्याबद्दल आमच्यात म्हणायचे, रेडियल इंजिनाखाली तेल दिसत नसेल तर आत तेल संपलंय. फिटर थेंबांना घाबरत नाही. काल जिथे थेंब नव्हता तिथे आज आला, की मग मात्र घाबरतो.

*काका, माझ्या आजेसासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. पोलीस ॲक्शनच्या वेळी गावावरून विमानं गेली, आम्ही तुरीत लपलो, असं सांगतात. ती कोणती विमानं असतील? आता तसल्या विमानात बसता येतं का? त्यांना नाही, मला.*
– शिक्षिका, नळदुर्ग

ताई, १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून निघालेली फौज तुमच्या नळदुर्गवरूनच निजामाच्या हद्दीत शिरली. त्या चार-पाच दिवसांत वायुसेनेची टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं फौजेच्या मदतीला होती. एकच इंजिन, पण अडीच हजार अश्वशक्तीचं, ते झाडांच्या उंचीवरून गेलं तर माणूस तुरीतच लपणार. आजींनी दिवसा बघितलं असेल तर बहुधा तेच. टेम्पेस्टला एकच सीट असते, त्यामुळे तुमचा नंबर लागायचा नाही. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात जे टेम्पेस्ट-२ उभं आहे, ते आपल्या वायुसेनेकडचं होतं.

पण आजींना एक विचारा : त्याच्या आधी पावसाळ्यात रात्री कधी जड आवाजाचं विमान ऐकलं होतं का? सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन माणूस त्या वर्षी कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता, बीदरला उतरत होता. त्याची विमानं लँकास्ट्रियन, म्हणजे लँकेस्टर या बॉम्बर विमानाचाच नागरी अवतार. लँकेस्टरमध्ये मात्र तुम्हाला बसता येईल. जगात उडणारी दोनच उरलीत. ब्रिटिश वायुसेनेचं पैसे घेऊन कुणाला नेत नाही. कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयाचं आहे, ते सभासदांना नेतं.

आजींना आणखी एक सांगा, त्यांना राग येईल पण सांगा. ब्रिटिशांच्या ११०, १५२ आणि २५३ नंबरच्या स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव होतं, कारण निजामाने त्यांच्यासाठी पैसा दिला होता. १५२च्या बोधचिन्हावर निजामाची पगडीच आहे. ही स्क्वाड्रन १९४०मध्ये इंग्लंडवर स्पिटफायर उडवत होती, नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात सारा भरत होते. तेव्हा अंबाजोगाईच्या गुरुजींनी स्पिटफायरच्या सीटवर बसताना फार संकोचू नये, आपल्या आज्या-पणज्यांची थोडी वर्गणी त्यात आहे.

*काका, माझा मामा न्यूझीलंडला आहे. तो म्हणतो सुट्टीत तुला टायगर मॉथमध्ये बसवतो. मला एसटीत घाट लागला तरी उलटी होते. काय करू? मी आठवीत आहे.*
– उदगीर

बस. मी बसलोय.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड म्हणून जागा आहे. पोराकडे गेलो होतो तेव्हा तिथे टायगर मॉथच्या पुढच्या सीटवर बसलो. या विमानात पायलट मागे बसतो आणि पाहुणा पुढे, त्यामुळे तुला समोर कुणाचं डोकं दिसणार नाही. चढताना पंखावर जिथे काळी पट्टी आहे तिथेच पाय द्यायचा. बाकी सगळा पंख कापडाचा आहे, पाय आरपार जाईल. आत बसलीस की दोन्ही पायांच्या मध्ये एक दांडा असतो, तो मागच्या पायलटच्या दांड्याला जोडलेला आहे. त्याच्यावर हात-पाय काही ठेवायचं नाही. खिशातलं सगळं खाली काढून ठेव, चिल्लर, क्लिपा, पेन सगळं. एखादं नाणं खाली पडून त्या दांड्याच्या सांध्यात बसलं तर विमान वळायचं बंद होतं.

वरचं सगळं उघडं असतं. डोक्यावर वरच्या पंखात पेट्रोलची टाकी. आमच्या विमानात डाव्या पंखाच्या खांबावर पत्र्याची एक पट्टी होती. वारा तिला मागे ढकलायचा आणि मागच्या आकड्यावरून वेग वाचायचा. मी पूर्ण वेळ तीच बघत बसलो. एवढं साधं यंत्र आणि कधी बिघडायचं नाही. इंजिन १३० अश्वशक्तीचं आहे, मोठ्या कारएवढंच, त्यामुळे वेग फार नाही. वारा मात्र तोंडावर एवढा की बोललेलं आपलं आपल्याला ऐकू येत नाही. थंडी वाजते. न्यूझीलंडला उन्हाळा असला तरी स्वेटर घाल, केस घट्ट बांध.

उलटीचं म्हणशील तर घाटात एसटीत होते ती पुढची सीट डोळ्यासमोर असते म्हणून आणि डिझेलच्या वासाने. इथे समोर आभाळ आहे. नजर लांब क्षितिजावर ठेव, खाली वाकून घर शोधू नकोस, मोबाईलमध्ये तर अजिबात बघू नकोस. उपाशी जाऊ नकोस, आणि पोट भरूनही नको. दोन तास आधी थोडी भाकरी किंवा पोळी खा. आल्याचा तुकडा चघळ. पायलटला आधीच सांग की मला लागतं. तो हळू वळवेल. तरीही मळमळलं तर हात वर कर, तो खाली आणतो. पिशवी देतातच.

गुरुजींच्या लेकीने हेही वाचावं. डक्सफर्डला टायगर मॉथ आणि हार्वर्ड स्पिटफायरच्या कितीतरी कमी पैशांत बसायला मिळतात. आणि ड्रॅगन रॅपिड नावाचं दोन इंजिनांचं, दुहेरी पंखांचं जुनं विमान आहे, त्यात आठ माणसं बसतात. अख्खं घर.

*मेजर साहेब, माझा सळईचा धंदा आहे. शहरापासून जवळ आठ एकर आहे. परदेशातून एक जुनं डकोटा आणून हुरडा पार्टीला येणाऱ्या लोकांना चक्कर मारायची, माणशी हजार रुपये, असा विचार आहे. पायलट रिटायर्ड मिळतात. तुम्ही तांत्रिक बघाल का?*
– व्यापारी, जालना

शेठ, तुमचा उत्साह मला आवडला, म्हणून पूर्ण उत्तर देतो.

पैसे घेऊन माणसं न्यायची तर विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि चालवणाऱ्या कंपनीला वेगळा परवाना. छंदासाठी आणलेल्या जुन्या विमानाला ते मिळणं म्हणजे तुमचं उरलेलं आयुष्य दिल्लीत फायली घेऊन फिरणं. समजा मिळालं. डकोटाची दोन इंजिनं मिळून तासाला साडेतीनशे-चारशे लिटर पेट्रोल पितात. हे पंपावरचं नव्हे, विमानाचं, निळ्या रंगाचं. २०२२पर्यंत ते परदेशातूनच यायचं, आता इंडियन ऑइल गुजरातेत बनवतं. म्हणजे मिळतं, पण टँकर जालन्याला तुमच्या आखाड्यावर येणार नाही. माणशी हजार रुपयांत तुमचं पेट्रोलही निघायचं नाही. आणि आठ एकरांत डकोटा उतरलं तर ते शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन थांबेल, त्याची केस वेगळी. राहिलं तांत्रिक बघण्याचं. सुटे भाग, फिटर, टेस्ट करायची उपकरणं यातलं काहीच जालन्यात नाही, आणि एकट्या म्हाताऱ्याच्या सहीवर माणसं उडवायची नसतात. माझं उत्तर ‘आज नाही’.

पण तुम्ही भंगारातल्या जाणकारांपैकी आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानांचा ढीग टाकून दिला होता, पुन्हा उडू नयेत म्हणून ठोकून, मोडून. १९४८मध्ये आपल्याला बॉम्बर विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी तो ढीग उपसला, एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन करून विमानं उभी केली, आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बेंगळुरूला उडवत नेली, नीट दुरुस्तीसाठी. ती वायुसेनेत १९६८पर्यंत टिकली. पुढे अमेरिकेत प्रवासी नेणारं जे लिबरेटर प्रसिद्ध झालं, ते याच आपल्या ढिगातलं.

तेव्हा तुमच्या यार्डात कधी जुन्या अल्युमिनियमचा, रांगेत रिव्हेट मारलेला पत्रा आला, किंवा पितळी पट्टीवर नंबर कोरलेला एखादा भाग आला, तर वितळवायला पुढे पाठवण्याआधी मला फोटो पाठवा. आठ एकरांत तूर लावा. हुरड्याला मात्र बोलवा. सुरती असेल तर आदल्या दिवशीच येतो.